भाडेयुद्ध आणि भागधारक

विजयदुर्गच्या बंदराला आतां मुंबईची आगबोट लागत नाहीं. बंदरांत मासेमारीचीं गलबतें उभीं असतात, वाघोटणच्या खाडीचें पाणी भरतीओहोटीची वेळ पाळून आंतबाहेर करतें, आणि ज्यांनीं बोटीची शिटी ऐकून लहानपणीं बंदरावर धांव घेतली, तीं माणसें आतां आजोबा-आजी होऊन ओटीवर बसलीं आहेत. गेल्या वैशाखांत अशाच एका स्नेह्यांच्या घरीं आम्ही चार दिवस राहिलों होतों. घर मोठें, तीन पिढ्या एका चुलीवर जेवणाऱ्या. आंब्याचा हंगाम सरत आलेला, शेवटच्या पेट्या रवाना झालेल्या, आणि हिशेबाची वही ओटीवर उघडलेली. अशा वेळीं त्या घरांत एका प्रश्नावरून जी चर्चा झाली, ती आमच्या वाचकांच्या घरींही आज ना उद्यां व्हावयाचीच आहे, असें वाटल्यावरून ती येथें थोडी विस्तारानें देत आहों.

प्रश्न निघाला तो असा. घराचे कर्ते तात्या हे शिक्षकी पेशांतून निवृत्त झालेले. त्यांचा मुलगा पुण्यास संगणकाच्या धंद्यांत नोकरीस आहे. सुटींत घरीं आलेल्या मुलानें जेवणानंतर सुपारी कातरतां कातरतां विषय काढला.

"तात्या, यंदाचे आंब्याचे पैसे पुनः मुदतीच्या ठेवींत गुंतवूं नका. रिझर्व्ह बँकेच्या मर्यादेंत राहून परदेशी कंपन्यांचे भाग आतां घरबसल्या घेतां येतात. अमेरिकेंत ए. एम. डी. म्हणून चिप तयार करणारी कंपनी आहे. तिनें इंटेलसारख्या धिप्पाड प्रतिस्पर्ध्याला कोर्टांत खेंचलें, १२५ कोटी डॉलर वसूल केले, आणि आज तिचा भाग कोठच्या कोठें गेला आहे! मला तर वाटतें, मोठ्यानें लहानाची वाट अडविली आणि लहान कोर्टांत गेला, कीं लहानाचा भाग घेऊन ठेवावा. न्यायही मिळतो आणि पैसाही मिळतो."

तात्यांनीं लगेच उत्तर दिलें नाहीं. ते उठून माजघरांत गेले आणि जमिनीच्या कागदांच्या ट्रंकेंतून एक पिवळा पडलेला, घडीवर चिरलेला कागद घेऊन आले. तो एका स्वदेशी आगबोट कंपनीच्या दहा भागांचा दाखला होता. कंपनीचें नांव येथें सांगण्याचें कारण नाहीं. ती बुडाली त्यास आतां पुष्कळ काळ लोटला आहे. कागद मुलापुढें ठेवून तात्या म्हणाले, "हा तुझ्या पणजोबांचा न्याय, आणि हाच त्यांचा पैसा."

हकीकत थोडक्यांत अशी. स्वदेशीच्या भरांत पणजोबांनीं घरांतील एक गोफ मोडून हे भाग घेतले. नवी बोट सुरू होतांच जुन्या, बलाढ्य कंपनीनें भाडें उतरविलें. स्वदेशी कंपनीनेंही उतरविलें. जुनीनें आणखी उतरविलें. पावसाळ्याचे चार महिने बोटी बंद, म्हणजे उत्पन्न बंद, खर्च मात्र चालू. अशा दोनतीन हंगामांत नव्या कंपनीचा श्वास संपला, भाडें पूर्ववत् झालें, आणि गोफाचा कागद झाला.

हें ऐकून आंतून चहा घेऊन आलेल्या सूनबाईंनीं विचारलें, "मामंजी, त्या दिवसांत आपल्या घरचीं माणसें मुंबईस कोणत्या बोटीनें जात?"

तात्या हंसले. म्हणाले, "आजोबा स्वतः स्वदेशी बोटीनें जात. बाकीचीं सारीं दुसरीनें. बारा माणसांचें बिऱ्हाड लग्नाला न्यावयाचें, तर निम्मे पैसे वांचत होते!"

आमच्या मतें ह्या एका उत्तरांत साऱ्या विषयाचें सार आहे. एकाच घरांत भागधारकही होता आणि उतारूही होता. उतारूनें भागधारकाला बुडविलें; आणि पुढें भाडें पुनः चढलें तेव्हां तो उतारूही पस्तावला. मोठा धंदेवाला लहानाला तोट्याच्या किंमतीनें मारतो तेव्हां गिऱ्हाइकाला तो अन्याय वाटत नाहीं, सवलत वाटते. म्हणूनच असले तंटे पंचांपुढें, कायदेमंडळापुढें आणि कोर्टापुढें इतकीं वर्षें घोळत पडतात.

असा प्रसंग एका कोंकणावरच आला असें नाहीं. जमशेटजी टाटांनीं १८९३ च्या सुमारास निप्पॉन यूसेन कायशा ह्या जपानी कंपनीशीं सहकार्य करून मुंबईचा कापूस व सूत पूर्वेकडे नेण्यास स्वतःच्या नांवानें जहाजें चालू केलीं. त्यावर पी. अँड ओ. कंपनीनें आपलें भाडें टनास दीड रुपयापर्यंत खालीं आणलें. ज्या व्यापाऱ्यांच्या सोयीसाठीं टाटांनीं हा खटाटोप केला होता, तेच व्यापारी स्वस्त भाड्याकडे वळले, आणि टाटांना आपला उपक्रम आंवरता घ्यावा लागला. दक्षिणेंत तुतिकोरीन येथें व्ही. ओ. चिदंबरम् पिळ्ळै ह्यांनीं १९०६ सालीं दहा लक्ष रुपयांच्या भांडवलाची स्वदेशी आगबोट कंपनी उभारली. तिचा भाग अवघ्या पंचवीस रुपयांचा ठेवला होता, म्हणजे सामान्य गृहस्थालाही तो घेतां यावा. ब्रिटिश इंडिया कंपनीनें कोलंबोचें भाडें एक रुपयावर आणलें; स्वदेशीनें आठ आणे केलें; मग पहिलीनें उतारूंना फुकट न्यावयाची आणि वर एक छत्री देण्याची तयारी दाखविली, असें सांगतात. १९०८ सालीं पिळ्ळै तुरुंगांत गेले आणि १९११ पर्यंत कंपनीचा कारभार आटोपला.

तिसरा प्रसंग आमच्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांचा आहे, आणि त्याचा शेवट निराळा आहे. १९१९ च्या मार्च महिन्यांत नरोत्तम मोरारजी, वालचंद हिराचंद, लल्लूभाई सामळदास व किलाचंद देवचंद ह्यांनीं सिंदिया कंपनी स्थापिली, आणि ५ एप्रिल रोजीं तिचें 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून विलायतेस निघालें. आपण ५ एप्रिल हा राष्ट्रीय नौवहन दिन म्हणून पाळतों तो ह्याच घटनेवरून. ह्या कंपनीवरही लॉर्ड इंचकेप ह्यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीनें तेंच हत्यार चालविलें. रंगूनहून मुंबईस येणाऱ्या तांदळाचें भाडें टनास १८ रुपयांवरून ६ रुपयांवर आलें. परंतु सिंदिया बुडाली नाहीं. तिचें भांडवल साडेचार कोटींचें होतें, आणि तोट्याचीं वर्षें काढण्यास लागणारा दम तिच्यांत होता. अखेर १९२३ सालीं दोघांत दहा वर्षांचा तह झाला. त्या तहानें सिंदियाला जगण्यापुरती जागा दिली आणि वाढण्याची वाट अडविली: किनाऱ्यावरच्या मालवाहतुकीपलीकडे तिनें जाऊं नये आणि ठराविक टनांहून अधिक जहाजें बाळगूं नयेत, असा त्यांतला भाग होता. भागधारकाच्या दृष्टीनें पाहिलें तर पैसा वांचला, उत्कर्ष मात्र दहा वर्षें पुढें गेला.

भाडें उतरविणें हें उघड हत्यार झालें. दुसरें एक हत्यार ह्याहून गुप्त आणि ह्याहून परिणामकारक होतें. जहाज कंपन्यांची टोळी व्यापाऱ्याला सांगे, "तुमचा सारा माल आमच्याच जहाजांतून पाठवा; भाड्यांतला कांहीं हिस्सा आम्ही परत करूं. पण आज नव्हे, कांहीं महिन्यांनीं. आणि तोंवर तुम्हीं एक गांठोडें जरी दुसऱ्याच्या जहाजांत टाकलें, तरी सारी सूट बुडाली." ह्या मागाहून मिळणाऱ्या सुटीमुळें व्यापाऱ्याचे पाय आपोआप बांधले जात. नव्या कंपनीनें भाडें कितीही कमी केलें तरी साठलेली सूट गमावण्याचें धाडस कोण करणार? विलायत सरकारनें १९०६ सालीं ह्या टोळ्यांची चौकशी करण्यासाठीं एक रॉयल कमिशन नेमलें होतें. आपल्याकडे साराभाई नेमचंद हाजी ह्यांनीं मध्यवर्ती कायदेमंडळांत किनाऱ्याची वाहतूक हिंदी जहाजांसाठीं राखण्याचें आणि ही सूट बंद करण्याचें, अशीं दोन बिलें १९२८-२९ च्या सुमारास आणलीं. त्या काळीं त्यांचे कायदे झाले नाहींत.

आतां ह्याच चष्म्यांतून मुलाच्या चिपेच्या खटल्याकडे पाहूं. संगणकाच्या पोटांत नखाएवढ्या सिलिकनच्या तुकड्यावर जें सारें गणित चालतें, त्या तुकड्यास चिप म्हणतात, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. इंटेल कंपनी १९६८ ची, ए. एम. डी. १९६९ ची, दोघीही कॅलिफोर्नियांतल्या, जवळजवळ शेजारणी. २७ जून २००५ रोजीं ए. एम. डी.नें डेलावेअर येथील अमेरिकन संघ न्यायालयांत इंटेलवर फिर्याद लावली. तक्रारीचा गाभा आगबोटीच्या सुटीसारखाच होता: संगणक तयार करणाऱ्या व विकणाऱ्या ३८ कंपन्यांची नांवें देऊन असें म्हटलें होतें कीं, सगळी किंवा बहुतेक खरेदी आमच्याकडेच कराल तर सूट, दुसरीकडे वळाल तर सूट बंद, अशा अटींनीं इंटेलनें बाजाराचें दार लावून घेतलें. इंटेलचें म्हणणें असें कीं, ही साधी व्यापारी सवलत आहे, आणि तिनें गिऱ्हाइकाला स्वस्ताई मिळते. आगबोटीच्या काळीं जें उत्तर मिळे तेंच हें उत्तर होतें.

असा खटला उभा राहिला म्हणजे भागधारकांत तीन मतें होतात. फिर्यादीचा भाग बाळगणारा म्हणतो, अमेरिकेच्या कायद्यानें अशा खटल्यांत तिप्पट भरपाई मिळूं शकते, तेव्हां निकाल लागला कीं कंपनीचें सोनें झालें. प्रतिवादीचा भाग बाळगणारा म्हणतो, ज्याला माल चांगला करतां येत नाहीं तो वकील करतो. थोडा दंड होईल, त्यानें आमच्या लाभांशाला धक्का लागत नाहीं. तिसरा शहाणा असतो तो दोघांचेही थोडे थोडे भाग घेऊन, वकिलांखेरीज कोणाचें भलें होणार नाहीं असें म्हणत स्वस्थ बसतो. ह्या तिघांपैकीं खरा कोण ठरला?

दिनमान पाहिलें कीं उत्तर सांपडतें. फिर्याद लागली तेव्हां ए. एम. डी.चा भाग सुमारें १७ डॉलरला होता. २००६ च्या आरंभीं तो ४० च्या वर गेला. त्याच वर्षीं इंटेलनें नव्या घडणीची सरस चिप बाजारांत आणली, आणि ए. एम. डी.नें ५४० कोटी डॉलरला दुसरी एक कंपनी विकत घेऊन डोक्यावर कर्ज करून घेतलें. खटला कोर्टांत तसाच होता, त्यांतला न्याय-अन्यायही तोच होता. पण २००८ च्या नोव्हेंबरांत तोच भाग दोन डॉलरांच्याही खालीं आला. पुढें १३ मे २००९ रोजीं युरोपच्या आयोगानें इंटेलला १०६ कोटी युरोंचा दंड ठोठावला, आणि १२ नोव्हेंबर २००९ रोजीं दोन्ही कंपन्यांनीं तह करून खटला मिटविला. इंटेलनें १२५ कोटी डॉलर दिले. त्या दिवशीं ए. एम. डी.चा भाग पांचव्या हिश्श्याहून अधिक चढला; पण चढून किती झाला? सुमारें साडेसहा डॉलर. कंपनीवरील कर्ज मिळालेल्या रकमेहून मोठें होतें. २०१५ सालीं, म्हणजे जिंकल्याला सहा वर्षें होऊन गेल्यावर, भाग पुनः दोन डॉलरांखालीं होता.

मग तो कोठच्या कोठें गेला तो केव्हां? कंपनीनें नवी घडण वर्षानुवर्षें खपून तयार केली, ती २०१७ सालीं बाजारांत आली, आणि लोकांनीं माल पाहून तो घेतला, तेव्हां. २०२१ सालीं भाग शंभर डॉलरांवर गेला, आणि २०२२ च्या फेब्रुवारींत बाजारभावानें ए. एम. डी. इंटेलहून मोठी ठरली. खटला आणि भाव ह्यांचा संबंध जोडणें हें संस्कृतांतील काकतालीय न्यायाचें उत्तम उदाहरण आहे. कावळा बसला हें खरें, फांदी मोडली हेंही खरें. पण मध्यें बारा वर्षें गेलीं होतीं! २००६ सालीं चाळिशीला घेतलेला भाग ज्यानें संसाराची गरज लागून २००८ सालीं विकला, त्या गृहस्थाच्या घरीं न्यायाचा विजय तार होऊन आला असता तरी त्याचा उपयोग काय?

तहाला कांहींच किंमत नव्हती असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. त्या पैशानें मरणाच्या दारीं असलेल्या कंपनीला श्वास मिळाला, आणि एकमेकींचीं पेटंटें वापरण्याचा परवाना मिळाला. सिंदियाला १९२३ च्या तहानें जें दिलें, तेंच येथें थोड्या चांगल्या अटींवर मिळालें. श्वास मिळाल्यावर काय बांधलें, ह्यावर पुढचें अवलंबून राहिलें.

आणि न्यायाचें तरी शेवटीं काय झालें? युरोपचा तो १०६ कोटींचा दंड पंधरा वर्षें वरच्या आणि खालच्या न्यायासनांपुढें हिंडला. २०२२ सालीं तो रद्द झाला, आणि २४ ऑक्टोबर २०२४ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानेंही तें रद्द करणें कायम केलें. निव्वळ सूट दिली एवढें दाखवून भागत नाहीं. त्या सुटीमुळें तितकाच कुशल प्रतिस्पर्धीही बाजारांतून हुसकला गेला असता, हें नीट हिशेबानें दाखवावें लागतें, असा त्यांतला मुद्दा होता. त्याच सुमारास इंटेलचे दिवसही फिरले होते. तिनें २०२४ सालीं लाभांश बंद केला, आणि २०२५ सालीं अमेरिकन सरकारलाच तिचा सुमारें दशांश भाग घ्यावा लागला. म्हणजे 'आमच्या लाभांशाला धक्का लागत नाहीं' म्हणणाराही फसलाच. पण त्याला कोर्टानें फसविलें नाहीं, कारखान्यांतल्या दिरंगाईनें फसविलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही सारे किल्ल्यावर गेलों. तटावर उभें राहून मुलानें विचारलें, "मग मोठें होणें हाच गुन्हा म्हणावयाचा काय?" ह्या प्रश्नाला त्या जागेहून योग्य जागा मिळाली नसती. पोर्तुगीज आपला परवाना नसलेलें गलबत अडवीत, आणि आंग्रेही आपल्या दस्तकावांचून कोणाला ह्या समुद्रावर सुखानें जाऊं देत नसत. इंग्रजांच्या लेखीं तो चांचेपणा होता आणि आपल्या लेखीं तें समुद्राचें राज्य होतें. १७५६ सालीं खुद्द पेशव्यांनीं इंग्रजांस हाताशीं धरून तुळाजी आंग्र्यांचा मोड केला. आंग्र्यांचें आरमार ह्याच बंदरांत जळालें, आणि पुढें समुद्र आंग्र्यांचाही राहिला नाहीं आणि पेशव्यांचाही राहिला नाहीं. एकाची अडवणूक मोडण्यासाठीं दुसऱ्या बलिष्ठाला घरांत घेतलें, कीं असें होतें.

आपल्या आजच्या कायद्यानें ह्यांतली रेघ बरीच स्वच्छ आंखली आहे. १९६९ चा मक्तेदारीचा कायदा मुख्यतः आकाराकडे पाही. त्याच्या जागीं आलेला २००२ चा स्पर्धा कायदा मोठेपणाला गुन्हा म्हणत नाहीं. मोठेपणाचा दुरुपयोग, उदाहरणार्थ प्रतिस्पर्ध्याला घालविण्यासाठीं तोट्याच्या किंमतीनें विकणें किंवा त्याचें दार अडविणें, ह्याला तो दोष देतो. पाहण्याचें काम दिल्लीच्या स्पर्धा आयोगाकडे आहे. असा कायदा १९११ सालीं असता तर तुतिकोरीनचे पंचवीस रुपयांचे भाग वांचले असते काय, हा प्रश्न मनांत येतो. आम्हांस वाटतें, कदाचित् कांहीं भरपाई मिळती. पण निकाल लागेपर्यंत कंपनीला दम धरावा लागला असता, आणि दम हा कायद्यांतून मिळत नाहीं, भांडवलांतून आणि गिऱ्हाइकांतून मिळतो.

म्हणून आमच्या वाचकांस, विशेषतः ज्यांच्या घरीं चार भावांचा पैसा एकत्र आहे त्यांस, आमचें सांगणें थोडकें आहे. खटल्याची बातमी वाचून भाग घेऊं नये आणि खटल्याची बातमी वाचून विकूंही नये. फिर्यादी कंपनीकडे पाहतांना तीन गोष्टी विचाराव्या: खटला दहा वर्षें चालला तर ती तग धरील काय? आज दार उघडलें तर आंत नेण्याजोगा माल तिच्यापाशीं आहे काय? आणि तिचें गिऱ्हाईक स्वस्ताईपुढें किती दिवस टिकेल? ह्यांपैकीं तिसऱ्याचें उत्तर वृत्तपत्रांत शोधावें लागत नाहीं. आपण स्वतः बाजारांत काय करतों तें आठवलें म्हणजे पुरे. आणखी एक. पणजोबांनीं गोफ मोडला तो चुकले असें आम्ही म्हणणार नाहीं. देशाची बोट चालावी म्हणून दिलेला पैसा ही देणगी होती, आणि देणगी म्हणून ती सार्थ झाली. दुःख झालें तें तिला ठेव समजल्यामुळें. कोणता पैसा देणगीचा, कोणता जुगाराचा आणि कोणता मुलांच्या शिक्षणाचा, हें वहींत आधीं वेगळें लिहिलें पाहिजे.

त्या रात्रीं वही पुनः उघडली. आंब्याच्या पैशांतून प्रथम कलमांचें खत, मग गोठ्याचें छप्पर, मग धाकट्या पुतणीच्या कॉलेजची फी, असे आंकडे पडले. उरलेले ठेवींत गेले. मुलानें आपल्या पगारांतून, बुडाले तरी घराची उंबरठी न हालणारे असे थोडे पैसे चिपेच्या भागांत घालावेत, असें ठरलें. पण त्याला सूनबाईंनीं एक अट घातली: कोर्टाचे कागद पाहण्याआधीं त्यानें कंपनीचा गेल्या पांच वर्षांचा ताळेबंद सर्वांना वाचून दाखवावा. तात्यांनीं तो पिवळा दाखला उचलला, आणि ट्रंकेंत परत न ठेवतां, हिशेबाच्या वहींत पहिल्या पानावर घडी करून ठेवला.